निवडलेले जव

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. अंबरनाथच्या एमआयडीसीत, माल्ट बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, तेव्हा आईने सोनिवलीच्या आमच्या इमारतीत तीन मजले पेढे वाटले. चौथ्या मजल्यापर्यंत ते पुरले नाहीत. सहा महिने प्रोबेशन होतं. नंतर कायम करायचं की घरी पाठवायचं, हे खरेदी विभागाच्या साहेबांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. खरेदी करणाऱ्यानेच तपासणाऱ्याला गुण द्यायचे, अशी आमच्याकडे अत्यंत निष्पक्ष व्यवस्था होती.

जव भिजवून, मोड आणून सुकवले की माल्ट होतं. मोडच आले नाहीत तर ते गुरांपुढे टाकायचे. म्हणून प्रत्येक ट्रकमधले शंभर दाणे ओल्या कागदावर ठेवून तीन दिवसांनी किती उगवले, बुरशी आली का, ते मी पाहायचं.

त्या हंगामात नव्या वाणाचे जव येऊ लागले. शेतात तांबेरा पडला तरी या वाणाला काही होत नाही, अशी त्याची ख्याती. साहेबांनी ती तांबेऱ्याच्या झाडून साऱ्या नातेवाइकांना, म्हणजे हरेक बुरशीला, लागू केली आणि गोण्या गळक्या शेडखाली उतरवल्या.

"सर, तांबेरा उभ्या पिकावरचा रोग आहे," मी म्हटलं. "गोणीतली बुरशी वेगळी. ती ओल बघते, वाण नाही."

"मॅडम, रेझिस्टंट म्हणजे रेझिस्टंट. बीएस्सीला शिकवलं नाही का?"

शिकवलं होतं. पंचाईत एवढीच, की माझे सगळे रिपोर्ट साहेबांच्या बाजूने येत होते. शंभरातले अठ्ठ्याण्णव उगवत आणि कागदावर बुरशीचा ठिपकाही नसे. तिकडे कारखान्यात मात्र भिजवलेल्या जवाला कुबट वास येई आणि कितीतरी दाणे नुसते फुगून बसत. साहेबांनी दोष पाण्याला दिला. पाणी उलट उत्तर देत नाही.

एका दुपारी मी नमुन्याच्या खोलीत गेले. गोण्यांतून नमुना काढून आणणाऱ्या आमच्या मदतनीस मावशी खिडकीशी ताट घेऊन बसल्या होत्या. तांदूळ निवडावेत तसे त्या जवातले काळपट, चिरमटलेले दाणे बाजूला सारत होत्या.

"मावशी, हे काय?"

"निवडतेय ताई. असं घाण तपासायला कसं द्यायचं? लोक म्हणतील, हिला निवडता पण येत नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तुमच्या आधीचे सर तर म्हणायचे, मावशींचा नमुना एकदम क्लीन."

म्हणजे सहा महिने मी शास्त्रशुद्ध पद्धतीने मावशींची नजर तपासत होते. ती उत्तम आहे, हे मी सहीनिशी लिहून देऊ शकते. दिलंच होतं.

त्या दिवशी नमुना मी स्वतः काढला. तिसऱ्या दिवशी एकसष्ट दाणे उगवले होते, बाकीच्यांवर हिरवट लव होती. माझ्याबद्दलचा साहेबांचा शेरा पुढच्या आठवड्यात लिहिला जाणार होता.

"आठ दिवस थांब," बाबा म्हणाले. "कायम झालीस की काय ते लिही."

सल्ला शहाणपणाचा होता. पण ते माल्ट लहान मुलांच्या दुधात घालायच्या पावडरीत जायचं, आणि तोपर्यंत आणखी गोण्या भिजल्या असत्या. मी त्या नमुन्याचा रिपोर्ट थेट कारखाना प्रमुखांच्या टेबलावर ठेवला. आधीचे रिपोर्ट चुकल्याचं कारण लिहिलं : नमुना काढण्याची पद्धत चुकली, चूक माझी. ते खोटं नव्हतं. नमुना कशासाठी असतो, हे सहा महिन्यांत मावशींना सांगावं असं मला एकदाही वाटलं नव्हतं. पदवीधर होते ना.

माल थांबला. गोण्या पक्क्या गोदामात हलल्या. साहेबांनी माझं प्रोबेशन सहा महिने वाढवलं आणि शेरा लिहिला, 'कामात हलगर्जी'. शेडबद्दल कोणी काही लिहिलं नाही, कारण शेड प्रोबेशनवर नव्हती.

मावशींना मी सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण पटलं नाही. आता त्या नमुना जसाच्या तसा आणतात. फक्त आवारातून येताना ताटावर पदर धरतात, कोणाला दिसू नये म्हणून.