माझ्या किनाऱ्यावरची कासवं

इकडे उत्तरेत, तेलीबागेत, आमच्या शेजारी राहणारी कॉलेजातली मुलगी यंदा पंधरा दिवस कासवं वाचवायला कोकणात गेली होती, तीही नेमकी माझ्या गावच्या किनाऱ्यावर. परत आली आणि माझ्याच स्वयंपाकघरात बसून मला माझा समुद्र शिकवू लागली. म्हणे रोज वाळूत थर्मामीटर खुपसायचा. उन्हाळे वाढत चाललेत, वाळू फार तापली की अंड्यांतून सगळ्या माद्याच निघतात, म्हणून घरट्यांवर सावली धरायची. मग तिनं मोबाइलवर पिल्लं दाखवली, लाटेकडे तुरुतुरु निघालेली. माझ्या पोटात असं दुखलं की चहात साखर घालायची राहून गेली. मेलीने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला, तो माझा!

"आंटी, आप तो वहीं की हैं," ती म्हणाली, "बचपन में आपने कछुए के कितने बच्चे देखे होंगे!"

"हाँ, बहुत," मी ठसक्यात सांगितलं.

एकही पाहिलं नव्हतं. वाळूत काठी खुपसून घरटं हुडकण्यात गावात माझा हात कुणी धरू शकत नसे, आणि सापडलेली अंडी आई त्याच दिवशी उकडायची.