दोनशे चार नंबरचं बाथरूम

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी मेसेज आला : ‘२०४. बाथरूममध्ये नेहमीपेक्षा जास्त वेळ. कृपया कोणीतरी चौकशी करावी.’ पाठवणारे सेक्रेटरी. खाली एकाने लिहिलं, ‘रात्री कोमट पाण्यातून इसबगोल घ्यायला सांगा.’ दुसऱ्याचं, ‘पपई उत्तम.’ तिसऱ्या बाईंनी पोट साफ होण्याच्या आसनांचा व्हिडिओच टाकला.

२०४ म्हणजे माझी मावशी. मी घणसोली गावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत दात घासत होते. ब्रश तोंडात ठेवूनच तिला फोन लावला.

“ठीक आहेस ना?”

“मला काय झालंय? केस रंगवत होते.” मग, “तुला कोणी सांगितलं?”

“ग्रुपवर आलंय.”

“बघते,” म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर तिने तो ग्रुप बघितला असणार. इसबगोलसकट.

मावशी सीवूड्सला एकटी राहते. चार मजली इमारत, लिफ्ट नाही, काकांनी कर्ज काढून घेतलेलं घर. काका गेले, मुलगा बंगळूरला. उभी नोकरी तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. ट्रंक कॉल जोडायची. लाइन लागली का, एवढ्यापुरतं ऐकायचं आणि बाजूला व्हायचं, असा तिथला नियम. कोणाचं लग्न मोडलं, कोण गेलं, कोण कोणापुढे रडलं, सगळं तिच्या कानावरून गेलं. घरी येऊन तिने एक शब्द काढला नाही. काकांपाशीसुद्धा नाही. अशा बाईचं बाथरूम लोक सकाळच्या चहासोबत वाचत होते.

हे सुरू झालं गेल्या हिवाळ्यात. न्हाणीघरात तिचा पाय घसरला. कंबर वाचली, पण कामवाली येईपर्यंत ती तशीच ओल्या फरशीवर पडून होती. दादा, म्हणजे तिचा मुलगा, धावत आला आणि म्हणाला, घर विकू, माझ्याकडे चल. ती नाही म्हणाली. मग तोडगा निघाला तो डब्यांचा. साबणाच्या वडीएवढे पांढरे डबे. एक पलंगाशी, एक स्वयंपाकघरात, एक मुख्य दारावर, एक बाथरूमच्या चौकटीवर. माणूस कुठे हलतंय, किती वेळ हललं नाही, हे त्यांना कळतं आणि ते फोनवर दिसतं. सगळं नेहमीसारखं असलं तर हिरवा ठिपका, जरा वेगळं असलं तर पिवळा, धोका असला तर लाल. बसवायला आलेला पोरगा छातीठोक सांगून गेला, “कॅमेरा नाही आजी, प्रायव्हसी एकदम शंभर टक्के.”

दादाने अट घातली. “एकदा जरी लाल आलं ना आई, तर मी येणार आणि तुला घेऊन जाणार. मग वाद नाही.”

म्हणजे तिचं घर त्या ठिपक्यावर टांगलेलं होतं. आणि जवळ राहणारा माणूस हवा म्हणून दादाने सेक्रेटरींचाही नंबर त्यात घातला होता. त्यांना जे येईल ते ते ग्रुपवर ढकलत होते. पिवळं आलं तरी, हिरवं आलं तरी.

मी घरकामगार बायांच्या संघटनेत काम करते. पत्रकं लिहिते. गेटवर बायांच्या पिशव्या उपसणाऱ्या सोसायट्यांवर लिहिलंय, त्यांना लिफ्ट बंद करणाऱ्यांवर लिहिलंय. मी त्याच दिवशी सेक्रेटरींचं दार वाजवलं.

“ताई, काळजीपोटी करतो हो,” ते म्हणाले. “चार लोकांचं लक्ष राहिलं तर चांगलंच ना?”

“बाथरूमवर?”

“कॅमेरा कुठंय पण त्यात? उगाच तुम्ही मोर्चा आणल्यासारखं बोलता.”

राग येतो तो याचाच. माणूस वाईट नाही. मावशी पडली तेव्हा तिला उचलून दोन मजले खाली आणणारे हेच. म्हणूनच त्यांना वाटतं की त्या बाईच्या शरीराची बातमी आता त्यांच्या मालकीची आहे. काळजी म्हटलं की विचारायचं कारण उरत नाही. सोसायट्या या एका शब्दावर काय काय खपवतात!

वर आले आणि स्टूल ओढून बाथरूमच्या डब्याला हात घातला.

“उतर खाली,” मावशी म्हणाली. ती आवाज चढवत नाही, म्हणून मी उतरले. “तो काढलास की दादाकडे लाल जाईल. उद्याच्या विमानाने हजर होईल. मला न्यायलाच बसलाय तो.”

तिथेच बसून मी पत्रकाचा मसुदा लिहिला. ‘वृद्धांची काळजी की वृद्धांवर पहारा?’ असा मथळा. तिने चष्मा लावला, पेन मागितलं आणि वाचता वाचता रेघा ओढायला लागली. शेवटी मथळा आणि माझी सही राहिली.

“यात माझं बाथरूम परत आलंय.”

“नाव कुठे घातलंय मी?”

“दोनशे चारमध्ये अजून किती बायका राहतात गं?”

पत्रक पिशवीत गेलं.

मग ऊन तापलं. खाडीकडून वारा यायचा तोही भट्टीतून आल्यासारखा. मी दोन-तीन दिवसांआड जायचे. चहा टाकू का म्हटलं की मावशी म्हणायची, “तुझ्यापुरता टाक. मला हल्ली सोसत नाही.” पूर्वी बशीत ओतून दोन कप पिणारी बाई. माठ भरलेलाच असायचा. ओठांवर साय धरल्यासारखी पांढरी कड. पित्त झालं असेल, ऊन लागलं असेल, वयाचं असेल. ती सांगायची आणि तिच्या ठाम आवाजात ते खरं वाटायचं.

ग्रुपवर मात्र आनंद होता. ‘२०४ : संपूर्ण आठवडा हिरवा. अभिनंदन मावशी!’ टाळ्या, फुलं. एकाने लिहिलं, ‘बघा, पपईचा गुण.’ दादाने मला फोन केला. “आता रात्री उठतसुद्धा नाही ती. आधी सारखी उठायची. छान झोपते वाटतं.” बरेच दिवसांनी तो मोकळा हसला. बंगळूरचं नाव त्याने काढलं नाही.

एका सकाळी मावशीच्या नंबरवरून फोन आला, आवाज भलत्याच बाईचा.

“ही तुजी मावशी हाय ना? माज्याजवल बसलीय बग. चक्कर आली तिला. पानी देते तं तोंड फिरवते. ये लवकर.”

करावे गावातली मासळीवाली होती. मावशी गेली कित्येक वर्षं तिच्याकडून बोंबील आणि मांदेली घेते, भावावरून दोघींचं रोज भांडण. मी रिक्षाने पोचले तर मावशी बाजारात एका उलट्या क्रेटवर बसलेली, मासळीवालीच्या खांद्यावर डोकं टाकून. डोळे आत गेलेले. समोर पाण्याची बाटली तशीच भरलेली.

“पी ना मावशी.”

“घरी गेल्यावर.”

“मरशील ना बाय घरी जाईपर्यंत!” मासळीवाली ओरडली. “भाव करताना बरा जोर असतो तुला.”

मी तिला रिक्षात घालून जवळच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरने हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. “अंगात पाणीच नाही यांच्या. किती पिता दिवसाला?”

“पिते की,” मावशी म्हणाली.

सलाईन लागलं. मी बाहेर येऊन दादाला फोन केला.

“अगं पण सगळं हिरवं आहे,” तो म्हणाला. “सकाळी उठली, स्वयंपाकघरात गेली, बाहेर पडली. मी आत्ता बघतोय.”

“दादा, ती सलाईनवर आहे.”

“पण हिरवं—”

“हिरवं बघ तू तिकडे बसून!” मी फोन कापला. त्या डब्यांच्या मते त्या आठवड्यात माझी मावशी पूर्वी कधी नव्हती इतकी ठणठणीत होती.

संध्याकाळपर्यंत तिच्या चेहऱ्यावर पाणी आलं. तिला बाथरूमला जायचं होतं. मी बाटली उंच धरून सोबत गेले. थोड्या वेळाने पुन्हा. तिसऱ्यांदा निघाली तेव्हा माझ्याकडे बघून हसली. “टाक ग्रुपवर.”

मग पलंगावर बसून तिने सांगितलं. “आत गेलं की वाटायचं, दाराबाहेर तो सेक्रेटरी घड्याळ घेऊन बसलाय. रात्री दोनदा उठले तर पिवळं. पिवळ्याचं लाल व्हायला कितीसा वेळ? प्यायलंच नाही तर जावं लागत नाही.” तिने सलाईनच्या नळीकडे बघितलं. “दुपारनंतर घोट घेत नव्हते. मग सकाळचंही सोडलं. बाहेर कुठे जावं लागलं तर, म्हणून.”

दादा दुसऱ्या दिवशी आला. तिला घरी आणलं तेव्हा त्याने कपाटावरची मोठी बॅग काढली आणि पलंगावर उघडून ठेवली. तिच्या दोन साड्या आत घातल्याही. मी दारात उभी होते. आता घर गेलं, असंच मला वाटलं.

तेवढ्यात सेक्रेटरी आले, हातात शहाळं. बॅग बघून ते दारातच थांबले.

“साड्या बाहेर काढ,” मावशी दादाला म्हणाली. “लाल आलं तर न्यायचं ठरलं होतं. आलं का लाल?”

“आई, चेष्टा नको. जाता जाता वाचलीस.”

“बाजारात जीव गेला असता तरी इथे हिरवंच राहिलं असतं. तुझीच अट आहे. मी पाळली.”

दादा मटकन खाली बसला. “मग करू काय मी? काढून टाकू हे सगळं?”

“हो!” मी म्हणाले.

“तू गप्प,” मावशी म्हणाली. “डबे राहू देत. त्या ओल्या फरशीवर मी पडले होते, तू नव्हतीस. भीती मला वाटते, तुम्हाला कोणाला नाही. पण पहिला फोन मला आला पाहिजे. मी उचलला नाही तर समोरच्या वहिनींना, किल्ली आहे त्यांच्याकडे. त्यांना गरज वाटली तर तुला. आणि रोज मी कुठे हलते, कधी उठते, ते कोणालाच नाही.”

“मलाही नाही?”

“फोन कर. विचार. सांगेन.”

“तू खोटं सांगशील.”

“आत्तापर्यंत काय करत होते मग?”

सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाले, “पण सोसायटीची जबाबदारी म्हणून—”

मी तोंड उघडलं. मावशीने नुसता हात वर केला. “तुम्ही मला उचलून खाली आणलंत, ते मी विसरले नाही. परत पडले तर वहिनी तुम्हालाच हाक मारतील. पण मी आत कधी जाते ते तुम्हाला कशाला हवंय? आणि असे डबे बसवलेल्या अजून चौघांचं त्या ग्रुपवर येतं. त्यांना विचारलंत कधी?”

त्यांनी शहाळं टेबलावर ठेवलं आणि जिना उतरून गेले. संध्याकाळी ग्रुपवर आमच्या नावाचं काही आलं नाही. बाकीच्या चौघांचं येतच होतं, आणि त्यांच्या दारी मी पुढच्या आठवड्यात गेले. आधी विचारायला.

दादा फोनमध्ये डोकं घालून बसला होता. सेक्रेटरींचा नंबर काढला, वहिनींचा घातला, आईचा सगळ्यात वर. स्वतःला दिसणारी रोजची नोंद बंद करायची वेळ आली तेव्हा त्याचा अंगठा थांबला. मावशी त्याच्याकडे बघत उठली, माठातून तांब्याभर पाणी घेतलं आणि उभ्यानेच गटागट प्यायली. मग त्याने अंगठा टेकवला.

ती आंघोळीला गेली. आम्ही दोघं बाहेर. पंखा फिरत होता. नळाचा आवाज आला, थांबला. मग काहीच आवाज नाही. दादाने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

टेबलावर, शहाळ्याशेजारी, मावशीचा फोन वाजायला लागला. डब्यांचा पहिला फोन तिला. आणि ती तो बाहेरच विसरून गेली होती.

दादा ताडकन उठला. मी त्याचं मनगट धरलं, आणि धरलं तेव्हाच ते धरायला नको होतं असं वाटलं. फोन वाजून बंद झाला. समोरचं दार उघडलं. आमच्या कुलपात किल्ली फिरली आणि वहिनी आत आल्या, हाताला कणीक तशीच. आम्हा दोघांना बघून त्या थबकल्या.

“अहो मावशी!” त्यांनी दारावर थाप मारली.

“डोक्याला साबण आहे!” आतून आवाज आला. “आले, आले!”

वहिनी हसल्या आणि कणीक सांभाळत परत गेल्या. कोणाला काही पाठवलं नाही त्यांनी.

मावशी डोक्याला पंचा गुंडाळून आली, फोन उचलून बघितला. “उद्यापासून आत नेईन,” ती म्हणाली. मग दादाला, “परतीचं तिकीट काढलंस?”

“काढतो.”

“एकच काढ.”

त्याने बॅगेतून दोन्ही साड्या काढून कपाटात ठेवल्या, नीट घडीवर घडी. मग स्वयंपाकघरात गेला आणि चहाचं भांडं गॅसवर ठेवल्याचा आवाज आला.

“माझा मोठा कप घे रे,” मावशी बाहेरून म्हणाली. “आणि बशी.”