काडी खाली घ्या, आजोबा

माझं आयुष्य दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तकं बांधण्यात गेलं. मी बुकबाइंडर. स्वतः लिहायला बसलो की हात अडखळतो, आणि हे तरी नीट उतरेल की नाही, देव जाणे. पण आमच्या सुनेबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि त्या शुक्रवारी मैदानावर घरातला मी एकटाच होतो.

सूनबाई शाळेत गणित शिकवते. तिच्या पर्समध्ये कंगवा नसेल, पण मोजायची टेप असतेच. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने आमचं स्वयंपाकघर मोजलं आणि कपाट चार इंच सरकवलं. तीस वर्षं अर्धंच उघडणारं दार सताड उघडलं. तेव्हापासून ही, म्हणजे माझी बायको, तिच्या शब्दाबाहेर नाही. शाळेतली मुलं तिला पाठीमागे 'टेपबाई' म्हणतात. तिला ते माहीत आहे. आवडतंही, असा माझा अंदाज.

गेल्या वर्षी तिच्याकडे गणितात नापास झालेल्यांची तुकडी आली. सतरा मुलं. तिने खडू उचलला की सतरा माना खाली. महिनाभर घसा फोडला, काही हललं नाही. मग एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे टाकाऊ पुठ्ठा आहे का? पुष्कळ लागेल. बाण अडवायचेत."

"कुणाचे बाण?" हिने विचारलं.

"मुलांचे. कॉलेजात मी तिरंदाजी करायचे ना, ती हलकी धनुष्यं क्लबमधून मिळतायत. त्यावरून गुणोत्तर शिकवणार आहे."

"बाणाने गुणोत्तर! मग भागाकाराला काय आणशील गं, तोफ?"

आम्ही हसलो, पण मी कामाला लागलो. पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या रचल्या, दाबल्या, दोरीने आवळल्या. माझ्या छातीएवढं उंच लक्ष्य झालं. वर कागद, कागदावर रंगीत वर्तुळं, मधलं पिवळं जेवणाच्या ताटाएवढं.

दर मंगळवारी ती मुलांना शाळेमागच्या मैदानात नेऊ लागली. लक्ष्यामागे भिंत, पुढे पंधरा मीटरवर जमिनीवर आखलेली रेघ, आणि तिची शिट्टी वाजल्याशिवाय कुणी रेघ ओलांडायची नाही. बाण मारायचे, अंतरं मोजायची, सरासरी काढायची, पुढच्या वेळी काय बदलायचं ते आधी वहीत लिहायचं. मुलं मधल्या सुट्टीत दशांश अपूर्णांकांवरून भांडायला लागली. ते सांगताना सूनबाईचा घास हातातच राहायचा.

आणि मग एका पालकाची तक्रार आली, की गणिताच्या तासाला पोरं खेळतात. मुख्याध्यापकांनी तिला बोलावलं. "नेम धरायला शिकली, मान्य. पण हा सराव झाला. यात गणित कुठे आहे?"

"शुक्रवारी या आणि बघा, सर."

"येतो. नाही पटलं तर मंगळवारचा तास पुन्हा वर्गात."

ही मुलं पुन्हा फळ्यासमोर बसली की पुन्हा माना खाली, हे सूनबाईला ठाऊक होतं.

शुक्रवारी मी लक्ष्याच्या फाटलेल्या पट्ट्या बदलायला गेलो होतो. मुख्याध्यापक आले, ठेंगणे, काटेकोर गृहस्थ. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हे कोण?"

"माझे सासरे."

"आजोबा, कधी बाण मारलाय?"

"छे हो! मला डास मारता येत नाही."

"छान. मग हेच मारतील. मुलांचा हात सरावलाय, यांचा नाही. तीन बाण चाचणीचे. मग मुलांनी हिशोब सांगायचा, आणि चौथा पिवळ्यात. लागला, तर मंगळवार तुमचा."

सूनबाईचा चेहरा पडला. मग ती माझ्याकडे वळली. "बाबा, माराल?"

नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि "मारतो" असं बाहेर पडलं.

धनुष्यावर मीच आखलेली सेंटिमीटरची कागदी पट्टी उभी चिकटवली होती. तिच्यावर रबरबँडने आडवी अडकवलेली काडेपेटीची काडी. काडीचं टोक पिवळ्याच्या मध्यावर दिसलं की दोरी सोडायची, एवढंच. पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस फिरवून फिरवून खांदे घट्ट आहेत, दोरी ओढली गेली. पण तिन्ही बाण पिवळ्याच्या खाली.

शिट्टी. पोरं टेप घेऊन धावली. "चौतीस! चव्वेचाळीस! बेचाळीस!"

"सरासरी चाळीस सेंटिमीटर खाली!" हे म्हणायला पाच सेकंदही लागले नाहीत.

"मग सोपं आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "बाण खाली जातोय, काडी वर घ्या."

मलाही तेच वाटलं. अर्ध्या मुलांनी माना डोलावल्या. एका उंच पोराने काडीला हातही घातला.

"नाही. खाली."

बोलली ती शेवटच्या बाकावरची मुलगी. आवाज इतका बारीक की सगळे तिला चिमणी म्हणत. वर्षभरात वर्गात तिने स्वतःहून उत्तर दिलं नव्हतं.

"अगं, खाली कशी?" मुख्याध्यापक म्हणाले.

मी सूनबाईकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटले होते आणि हात पाठीमागे धरले होते.

चिमणीने खडूने फरशीच्या तुकड्यावर डोळा काढला, काडी काढली, लक्ष्य काढलं. "काडी वर घेतली, तर ती पिवळ्यावर आणायला आजोबांना धनुष्य खाली करावं लागेल. मग बाण अजून खाली जाईल. काडी खाली घेतली की धनुष्य वर जातं."

उंच पोराने काडीवरचा हात काढला.

"बरं. किती खाली?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

तिने माझ्या डोळ्यापासून काडीपर्यंत टेप धरली. "पंच्याहत्तर. आणि डोळ्यापासून लक्ष्य पंधराशे. म्हणजे वीसपट. काडी एक हलली की तिकडे वीस. आपल्याला चाळीस हवेत." तिने काडी सरकवायला घेतली, मग थांबली आणि धनुष्य माझ्यापुढे धरलं. "तुम्हीच करा. दोन सेंटिमीटर. काडी खाली घ्या, आजोबा."

मी घेतली. दोरी ओढली. काडीचं टोक पिवळ्यावर आणताना धनुष्य खरंच वर उचललं गेलं, तिने सांगितलं तस्सं! बाण सोडला.

धप्प.

पिवळ्यात! मध्यापासून चार बोटं खाली, पण पिवळ्यात!

सतरा पोरं एकदम ओरडली. सूनबाईने टेप हवेत उडवली आणि ती झेलायचीही विसरली. मला कुणीतरी मिठी मारली, कोण ते आजही माहीत नाही.

मुख्याध्यापक लक्ष्यापर्यंत चालत गेले, बाणाला बोट लावून पाहिलं, परत आले. "मंगळवारी हा तास असतो तेव्हा मी मोकळाच असतो," ते म्हणाले. "मीही येईन म्हणतो." मग जरा घुटमळून, "एकदा द्या बघू इकडे." त्यांनी धनुष्य घेतलं आणि ते रेघेपाशी उभे राहिले.

"थांबा सर!" चिमणी टेप उचलून पुढे धावली. "आधी मोजू दे. तुमचा आकडा वेगळा येईल."

शिंप्यापुढे उभं राहावं तसे मुख्याध्यापक हात लांब करून निमूट उभे राहिले.

"अडुसष्ट!" ती ओरडली, आणि ते मैदानाच्या पार पलीकडच्या फाटकापर्यंत ऐकू गेलं.