मॅलकीच्या खिडकीखालचं यंत्र

रॉसकॉमनमधल्या त्या आयरिश गावात अ‍ॅट्रॅक्टा मगावनसारखी बटणं बंद करणारी बाई दुसरी नव्हती. पाणी तापवायच्या टाकीचं बटण चालू राहिलं म्हणून ती एकदा चर्चमधल्या मिस्सेतून अर्ध्यावर उठून घरी आली होती. त्या मुलखात सगळ्यांच्याच आया या बटणावरून पोरांच्या कानीकपाळी ओरडत आल्या. अ‍ॅट्रॅक्टाला पोरं नव्हती, म्हणून ती बोलणी तिने जन्मभर स्वतःलाच दिली. नवरा मॅलकी हसायचा. दोघांनी मिळून घराच्या पुढच्या भागात किराणा दुकान चालवलं, मग ते बंद पडलं, आणि मग मॅलकीची फुप्फुसं गेली.

घर उबदार राहिलं तरच त्याला घरी ठेवता येईल, नाहीतर शुश्रूषागृह, असं गावच्या नर्सबाईंनी स्पष्ट सांगितलं. मॅलकीला तिकडे जायचं नव्हतं. "तुला कुठेही जाऊ देणार नाही," असं अ‍ॅट्रॅक्टाने त्याला वचन दिलं आणि सरकारी योजनेतून हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घर तापवणारं विजेचं यंत्र, बसवून घेतला. बसवणाऱ्यांनी बंद दुकान आणि वरच्या रिकाम्या खोल्याही मापात धरल्या, शेकोटीचं धुराडं बुजवून टाकलं आणि ते आडदांड यंत्र मॅलकीच्या खिडकीखाली अंगणात ठेवून ते निघून गेले.

गारठा पडू लागला तशी त्या यंत्राने झोप उडवली. घर तापलेलं असलं तरी ते घरघरत उठायचं, थांबायचं, पुन्हा उठायचं. मॅलकीचा कुठे डोळा लागला की ते सुरू. त्याची रया गेली. शेवटी तिने गावातल्या फर्गल टूलनला बोलावलं. तो हीटिंगची कामं करायचा.

"घर उबदार आहे, मग हे मेलं बोंबलतं कशाला?"

"स्वतःच्या नळ्या गोठू नयेत म्हणून, बाई. बाहेर गार झालं की ते आपल्या अंगातलं पाणी तापवून फिरवतं. पण ते आहे गरजेच्या दुप्पट, आणि तुम्ही वरच्या खोल्यांतले गरम पाण्याचे सगळे रेडिएटर बंद केलेत. एवढंसं पाणी लगेच तापतं, लगेच निवतं. मग ते पुन्हा उठतं."

"रिकाम्या खोल्या तापवू? भुतांसाठी?"

"भुतांसाठी तापवा. पाण्याला फिरायला जागा तरी मिळेल. शुक्रवारी येऊन किती गारठ्याला त्याने उठायचं तो आकडा मी खाली आणतो आणि पाणी गोठू न देणारं औषध त्यात घालतो. तोवर मागच्या दाराशेजारच्या भिंतीवरच्या बटणाला हात लावू नका. वीज गेली की त्याची राखण गेली."

"हिचे हात बांधून जा, फर्गल," मॅलकी पलंगावरून म्हणाला.

वरचे रेडिएटर तिने उघडले नाहीत. उघडायला हवे होते, पण रिकाम्या खोलीत ऊब सोडणं तिच्या जिवावर आलं. गुरुवारी शेजारगावात एका चुलतभावाचं अंत्यदर्शन होतं. तिथे न जाणं म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही. निघताना यंत्र पुन्हा घरघरलं. मॅलकीने डोळे मिटून भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि तिने मागच्या दाराशी जाऊन बटण खाली ओढलं. आल्यावर चालू करू, असं ठरवून.

हस्तांदोलनं झाली, जपमाळ झाली, चहा आणि हॅमची सँडविचं झाली. रस्त्यावर बर्फाची काच चढली होती, गाडी गोगलगायीसारखी आणावी लागली. घरात शिरली तर मॅलकी गाढ झोपलेला. कित्येक दिवसांत त्याला असं झोपलेलं तिने पाहिलं नव्हतं. भिंती अजून कोमट होत्या. तिने त्याच्यावर आणखी एक रजई घातली, खुर्ची ओढून बसली आणि त्याचा श्वास ऐकता ऐकता तिचाही डोळा लागला.

सकाळी बटण वर केलं तर यंत्र नुसतं कण्हलं आणि अंगणात पाणी पसरलं. फर्गल आला तेव्हा नर्सबाईही येऊन पोचल्या होत्या. मॅलकीचे ओठ निळे पडले होते.

"पाणी गोठून आतला भाग फुटलाय," फर्गल म्हणाला. "नवा यायला वेळ लागेल. बंद केलं होतं का कुणी?"

अ‍ॅट्रॅक्टाने तोंड उघडलं, पण मॅलकी आधी बोलला. "मीच करायला लावलं. ती नको नको म्हणत होती."

नर्सबाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. शुश्रूषागृहाची गाडी आली आणि त्याला घेऊन गेली.

शुश्रूषागृहात ती रोज जायची. "तू खोटं का बोललास?" तिने विचारलं.

"तू बंद केलंस म्हणालो असतो, तर यांनी मला तुझ्या हाती परत दिलं असतं का?" एवढं बोलायलाही त्याला दम लागला. "मला घरी यायचंय, अ‍ॅट्रॅक्टा."

"आणते. घर गरम झालं की आणते."

तिने वरच्या सगळ्या खोल्यांचे रेडिएटर उघडले, गाद्या उन्हात घालतात तशा पसरून ठेवल्या. भाग आला, फर्गलने तो बसवला, औषध घातलं, आकडा खाली आणला. यंत्र नीट चालू लागलं. त्याच दुपारी शुश्रूषागृहातून फोन आला. मॅलकीची छाती भरली होती, ती पोचायच्या आत सगळं संपलं.

त्याला घरी आणलं ते पेटीतून. त्याच्याच खोलीत ठेवलं. अंत्यविधीची सोय पाहणारा माणूस अदबीने तिच्या कानाशी आला.

"बाई, या खोलीतलं हीटिंग बंद करू या. अशा वेळी गार असलेलं बरं असतं."

"नको," अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली. "गरम घरात आणते म्हणून सांगितलंय मी त्याला."

त्या माणसाने फर्गलकडे पाहिलं. फर्गलने खोलीतला रेडिएटर हाताने चाचपला आणि तसाच चालू ठेवला. अंत्यदर्शनाला लोक आत येऊ लागले आणि उकडतं म्हणून एकेक जण दारातच कोट काढू लागला.