सभासद नसलेल्यांचे भगवानकाका

"भगवान गेला बाई..." एवढंच बोलून बाबांनी फोन ठेवला. मी अमडापूरहून एसटीने चिखलीला पोचले, तोवर धान्यबाजारातल्या हमालांनी काकांना उचललं होतं. बाबाही, लंगडत का होईना, खांदा देत होते. मला हसू आणि रडू एकदमच आलं. भगवानकाका हमाल संघटनेचे अध्यक्ष, आणि त्याच बाजारात पोती वाहून म्हातारे झालेले त्यांचे दोस्त, म्हणजे माझे बाबा, संघटनेचे सभासद कधीच झाले नाहीत. आधीच्या एका पुढाऱ्याने वर्गणी घेऊन पोबारा केला, तेव्हापासून बाबांनी कानाला खडा लावला होता.

काकांनी संप करून हमालीचे दर वाढवून घेतले. वाढ अर्थातच सगळ्यांना मिळाली, सभासद नसलेल्यांनाही. मग सभासद चिडले. उन्हात आम्ही बसायचं आणि यांनी आयतं खायचं! यांच्या हमालीतून आडत्यांनीच परस्पर वर्गणी कापावी, असा आग्रह सुरू झाला. आडतेही तयार होते. काका अडून बसले. "दर पोत्यावर हाय. पोतं थोडीच इचारते, तू सभासद हाय का म्हून? अन् आडत्यानं कापून देल्ली तं संघटना आडत्याची होईन, आपली नाही." दोस्ताची बाजू घेतो म्हणून त्यांना बरंच ऐकावं लागलं.

पुढे पोत्यांची थप्पी कोसळून बाबांचा पाय मोडला. भरपाईसाठी भांडणारं आमच्याकडे कुणी नव्हतं, आणि माझं डी.एड. अर्ध्यावर सुटणार हे दिसतच होतं. काका दवाखान्यात आले तेव्हा बाबाच म्हणाले, "आण सभासदाची पावती, करतो सही."

"पाय मोडलेल्या माणसाची सही मले नाही पाह्यजे बे," काका भडकले. "भरपाई भेटली का वकिलाचा खर्च तेवढा देजो. वर्गणी तुह्या मर्जीची."

संघटना भांडली. भरपाई मिळाली, बाबांनी खर्च चुकता केला, मी शिक्षिका झाले. हे सगळं या एका माणसामुळे, आणि ते मला मोठ्याने सांगायचं आहे. बाबा मात्र त्यानंतरही सभासद झाले नाहीत. "लयच चिवट हायेस गड्या!" म्हणून काका हसायचे.

सभेच्या वेळी संघटनेच्या खोलीचं दार काका सताड उघडं ठेवत, बाहेरच्या बिगरसभासदांनाही ऐकू जावं म्हणून. बाबा कायम उंबऱ्याबाहेर उभे. परवा शोकसभेत धूळ येते म्हणून कुणीतरी दार लोटलं. बाबांनी बाहेरून काठीने ते पुन्हा उघडलं.

"राहू द्या उघडं," ते म्हणाले. "भगवानची सभा हाय."

आतल्या लोकांनी सरकून त्यांना जागा केली... बाबा सभा संपेपर्यंत उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.