स्कॅनआधीचं पाणी

अक्काच्या पोटातली गाठ काढता येईल की नाही, हे एका स्कॅनवर ठरणार होतं. तीन केमो होऊन गेल्या होत्या. गाठ आकसून मोठ्या रक्तवाहिनीपासून सुटली असेल तर ऑपरेशन, नाहीतर नुसतं दिवस ढकलणं. साध्या स्कॅनमध्ये ते दिसत नाही, त्यासाठी हाताच्या शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध सोडावं लागतं. केमो मूत्रपिंडाला जड, आणि हे औषधही तिथंच जाऊन बसणार. म्हणून डॉक्टरांनी मध्ये काही दिवस जाऊ द्यायला सांगितलं, रोज तीन लिटर पाणी पाजायला बजावलं. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं, म्हणजे मूत्रपिंड थकलेलं असलं, तर स्कॅन नाही.

पाण्याचं काम माझ्याकडं होतं. आमच्या घरात धाकटा भाऊ म्हणजे जन्मभराचा गडी, आणि मी तर निवृत्त झालेला. लिटरच्या बाटल्या भरून द्यायच्या, रिकाम्या परत घ्यायच्या. शिवाय पेशी वाढवायच्या इंजेक्शनासाठी रोज सकाळी तिला बनशंकरीच्या घरून शहराच्या दुसऱ्या टोकाला इस्पितळात न्यायचं. जाऊन येऊन चार तास गाडीत. त्या दिवसांत मला झोपून उठल्यावरही दमल्यासारखं वाटायचं.

रक्ताचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन वाढलं होतं.

"पाणी पितात ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज तीन बाटल्या," मी छाती फुगवून म्हणालो. अक्का पदराचं टोक चाळवत बसली. डॉक्टरांनी स्कॅन रद्द केला. आधी सलाईन लावू, मग पुन्हा रक्त तपासू, म्हणाले. म्हणजे ऑपरेशनचं काय ते कळायला आणखी थांबणं आलं.

गाडीत माझा तोल गेला. "अक्का, खरं सांग. पाणी कुठं गेलं?"

"तुळशीला घातलं," ती हळूच म्हणाली.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मी तिच्यावर ओरडलो. आजारी माणसावर ओरडलो, याची आजही लाज वाटते.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दोन दोन तास सिग्नलला अडकतो आपण. मधेच लागली तर काय करू? तुला गाडी थांबव म्हणू? आणि थांबवून जाऊ कुठं? बाहेर पडायचं असलं की पाणी प्यायचं नाही, आईनं शाळेत असल्यापासून शिकवलंय. सरी, असू दे, तुला नाही कळायचं ते."

मला खरंच कळलं नव्हतं. दोन महिने मी तिला नेत आणत होतो. वाटेत तिनं कधी थांबायला सांगितलं नाही, आणि अक्काचा काही त्रास नाही म्हणून मी सगळ्यांना कौतुकानं सांगायचो.

पुढं एक बरंसं हॉटेल दिसलं. मी गाडी बाजूला घेतली. "जाऊन ये. मी दाराशी उभा राहतो."

ती जागची हलली नाही.

"आता कशाला रे," ती म्हणाली. "सकाळपासून घोटभरसुद्धा प्यायले नाही मी."