तळ दिसत न्हाय

आधी उजव्या हाताची दोन बोटं पाण्यात बुडवायची, अंगठ्यावर घासायची, नाकाशी न्यायची आणि मग बाजूला थुंकून म्हणायचं, "अजून न्हाय." आमच्या क्लबच्या पोहण्याच्या टँकवर पाणी सांभाळणारा तो माणूस दिवसातून दहा वेळा हे करायचा. टँक धुऊन नव्याने भरला की सभासद खांद्यावर टॉवेल टाकून फाटकाशी यायचे आणि हे दोन शब्द ऐकून परत जायचे. कधी आठ-आठ दिवस.

मला तो आवडत नव्हता, हे आधीच सांगतो. निघून गेलेल्या माणसाबद्दल बोलताना आपण सगळेच जरा मऊ होतो. तुम्हीही होत असाल. पण त्यालाही मी आवडत नव्हतो आणि ते त्याने कधी लपवलं नाही, तेव्हा मी तरी का लपवू?

सोलापुरातल्या एका गिरणीच्या रंगखात्यात त्याने वीसेक वर्षं काढली होती. सूत रंगवायचं तर आधी पाणी ओळखावं लागतं. ते जड असलं की रंग फाटतो, खारट असलं की चढत नाही. गिरणी त्याने का सोडली, कुणाला ठाऊक नव्हतं. विचारायची सोयही नव्हती. नखं मात्र कायमची निळी राहिली होती.

पोहायला येणारा प्रत्येक माणूस त्याच्या लेखी पाणी नासवायला आलेला असायचा. एकदा एक नामांकित वकील डोक्याला चोपडून तेल लावून आले. हा शिडीच्या तोंडाशी आडवा उभा.

"डोकं धुवा."

"अरे, मी घरून अंघोळ करून आलोय."

"तेल लावून आलाय. टँकात फोडणी द्यायची हाय का?"

वकिलांनी लेखी तक्रार केली. सेक्रेटरींनी त्याला बोलावून झापलं. त्याने ऐकून घेतलं आणि जाताना म्हणाला, "टँक तुमचा हाय की. पाणी माजं हाय."

सकाळी मात्र तो जाळी घेऊन टँकभर फिरायचा. पाण्यात पडलेल्या मधमाश्या, एखादी भिजून गोळा झालेली चिमणी अलगद उचलायचा आणि कट्ट्यावर उन्हात ठेवायचा. तेही शिव्या देतच. "तुला कुणी बोलावलं होतं गं?" असं चिमणीला खडसावून विचारायचा आणि ती उडून जाईपर्यंत तिथून हलायचा नाही.

मी तेव्हा हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवत होतो. वय सत्तावीस, डिग्री ताजी. क्लबच्या कमिटीवर मला घेतलं ते माझ्याकडे पाणी तपासायची पेटी होती म्हणून. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. पेटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, ह्यात पोहायचं कसं?" आसपासचे हसले. मी ते विसरलो नाही.

दुष्काळाची दोन वर्षं टँक कोरडा पडला होता. तळाच्या फरश्यांवर लिंबाचा पाला साचला होता आणि पोरं त्यात क्रिकेट खेळत होती. दुष्काळ सरल्यावरच्या उन्हाळ्यात क्लबच्या विहिरीला पुन्हा पाणी आलं. कमिटीने ठरवलं, टँक भरायचा आणि एका बड्या अधिकाऱ्यांच्या हस्ते तो पुन्हा सुरू करायचा. पत्रिकाही छापून आल्या. चार दिवस पंप चालला. टँक भरला तेव्हा त्याने बोटं बुडवली, वास घेतला, थुंकला. "अजून न्हाय."

शाळेला सुट्टी होती. मी रोज दुपारी जेवण करून पेटी घेऊन टँकवर जायचो. पहिल्या दिवशी नळीत रंग आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, "ब्लीचिंग पावडर टाकता का?"

"रोज सांजच्याला टाकतो."

"मग जाते कुठे?"

"ऊन खातंय."

"काय?"

"ऊन खातंय, मास्तर. मी न्हाय खात."

मी मोठ्याने हसलो. ऊन क्लोरीन खातं हे मी शिकवत होतो त्या पुस्तकात नव्हतं. पुढे एका जाड ग्रंथात सापडलं, पण फार उशिरा. त्या दिवशी मी क्लबच्या वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं, "पावडर पाण्यात पडत नसावी." त्याचा अर्थ काय होतो ते सेक्रेटरींना समजलं, मलाही समजत होतं. माणूस पावडर चोरून विकतो, असंच मी लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सेक्रेटरी स्वतः आले. म्हणाले, "आता आपल्या डोळ्यांदेखत टाकू." दोन हमाल उरलेली पोती टँकच्या काठाशी घेऊन आले. तो शेडमधून धावत आला.

"अशी न्हाय टाकायची! पिंपात कालवा, निवळू द्या. वरचं पाणी तेवढं घ्या. चुना खाली ऱ्हाऊ द्या!"

"तू गप बस," सेक्रेटरी म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "काय मास्तर?"

मी म्हणालो, "टाका."

पोती रिकामी झाली. आमच्या विहिरीचं पाणी आधीच जड, त्यात एवढा चुना. तासाभरात टँकभर ताक झालं. पण माझी नळी पिवळी झाली, हवी तशी. मी ती उन्हात धरून सेक्रेटरींना दाखवली.

उद्घाटनाला दोन दिवस होते. ताक काही निवळलं नाही. उद्घाटनाच्या सकाळी अधिकारी येण्याआधी आम्ही फाटकाशी गेलो तर फाटकाला कुलूप आणि किल्ली त्याच्या कमरेला.

"तळ दिसत न्हाय," तो म्हणाला. "खोल बाजूला माणूस बुडाला तर हुडकायचा कुटं?"

"पत्रिका गेल्यात. उघड."

"चार दिस द्या. तुरटी टाकतो, निवळवतो."

सेक्रेटरींनी मला विचारलं, "मास्तर, पाणी चालेल की नाही? एका शब्दात सांगा."

मी पाणी भरून घेतलं, थेंब टाकले. पिवळा रंग आला. म्हणालो, "चालेल."

तो माझ्या अगदी जवळ आला. अंगाला पावडरीचा उग्र वास येत होता. "तुमची नळी बुडालेला माणूस दावती का, मास्तर?"

त्याने किल्ली काढली, माझ्या उघड्या पेटीत टाकली आणि सायकलला टांग मारून गेला. पेटीतली एक नळी फुटली. सेक्रेटरी म्हणाले, "बरं झालं, ब्याद गेली." मीही मान हलवली.

उद्घाटन झालं, हार झाले, भाषणं झाली. तीन दिवस काही घडलं नाही आणि त्या तीन दिवसांत मी चार लोकांना तरी सांगितलं की अडाणी माणसाच्या हाती जागा दिली की असं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी बँकेतला एक कारकून फळीवरून उडी मारून वर आला नाही. उडी पाहिली सगळ्यांनी, वर न आल्याचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. पोहायला शिकवणारे सर काठावरच उभे होते, पण त्यांना दिसत होतं ते फक्त पांढरं पाणी. मग कुणीतरी विचारलं, "आत्ता उडी मारली तो कुठे गेला?" पाच-सहा जण आत घुसले. डोळे उघडले तरी स्वतःचा हातसुद्धा दिसत नव्हता. सगळे पायांनी चाचपत होते. माणसं पाण्यात माणूस चाचपत आहेत, हे मी शिडीपाशी उभा राहून पाहत होतो. हातात नळी होती. तीही पिवळी.

"पायाला लागला!" कुणीतरी ओरडलं.

त्याला वर काढलं, पालथा घातला, पाठ दाबली. बऱ्याच वेळाने तो ओकला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. वाचला. सेक्रेटरी सगळ्यांना सांगत होते, "गोळा आला पायात, दुसरं काही नाही."

त्याच दुपारी मी शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, त्याचं घर शोधत गेलो. मागांच्या खडखडाटात चार गल्ल्या फिरल्यावर एका रंगशाळेच्या शेडमध्ये सापडला. उकळत्या हौदातल्या सुताच्या लडी दोन काठ्यांनी खालीवर करत होता. मी झालेलं सांगितलं. त्याने मान वर केली नाही.

"माणूस जगला का?"

"जगला."

"मग हितं कशाला आला?"

"वहीत मी जे लिहिलं ते चूक होतं. कमिटीला तसं सांगतो. तुम्ही परत या."

"न्हाय."

"निदान पाणी कसं निवळायचं ते तरी सांगा."

त्याने हौदातली एक लड उलटी केली. मग पाठ करूनच म्हणाला, "पंप बंद करा. सांजच्याला तुरटी. दोन दिस कुणी पाण्याला शिवायचं न्हाय. गाळ बसला की खालच्या तोटीनं हळू सोडायचा. लई सोपं हाय. नुसतं थांबायचं. तेवढंच तुमाला जमत न्हाय."

मी टँक बंद करायला लावला. सेक्रेटरींशी भांडलो, राजीनामा देईन म्हणालो. वहीत आधीच्या ओळीखाली "वरील मजकूर चुकीचा आहे" असं लिहून सही केली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी निवळलं. खोल बाजूच्या फरश्यांचे सांधे मोजता येत होते. मला फार आनंद झाला आणि तो दाखवायला कुणी नव्हतं. मी सायकल काढली.

रंगशाळेत तो नव्हता. घरी गेलो. बाहेरच्या ओट्यावर तीन-चार बायका रहाटावर कांड्यांना सूत गुंडाळत बसल्या होत्या. त्याची बायको दारात आली. घरात तेलुगू, मराठी तिला जेमतेम येत होती.

"ते भिवंडीला गेले," ती म्हणाली. "काल. कामाला."

"परत कधी येणार?"

तिने हात हलवला. मग मला नीट न्याहाळून विचारलं, "टँकचे मास्तर का तुमी?"

"हो," मी म्हणालो. "माझ्याबद्दल काही बोलले का?"

ती एक वाक्य बोलली. तेलुगूत. बहुधा त्याचेच शब्द, कारण आवाजही त्याच्यासारखा जाड काढला होता. ओट्यावरच्या बायका खो-खो हसल्या. एकीच्या हातातली कांडी खाली पडली आणि घरंगळत माझ्या पायाशी आली.

मी ती उचलून दिली. विचारलं, "म्हणजे काय?"

"काय न्हाय," ती म्हणाली. "जावा तुमी."

सायकल हातात धरून मी गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आलो. ओळखीच्या एखाद्या तेलुगू माणसाला अर्थ विचारावा असं वाटलं होतं. पण तिथवर येईतो मागांच्या आवाजात त्यातला एकही शब्द माझ्या लक्षात राहिला नव्हता. मागे त्या बायका अजून हसत होत्या.